काळ्यापिवळ्या मोटारीचे अलंकार

विक्रोळीवरून जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाला जुने रहिवासी अजून आग्रा रोडच म्हणतात. त्या रस्त्यानें घाटकोपर ओलांडून दक्षिणेकडे गेलें कीं कुर्ला लागतें. आणि जेथें आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत तेथें पूर्वीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ सालीं कुर्ल्यास मोटारी तयार होऊं लागल्या. मोटारीचा इतिहास सांगणारे बहुधा कारखान्याच्या दाराशींच थांबतात. आज मला, श्रोतेहो, त्या दारांतून बाहेर पडलेल्या गाडीवर पुढें मालकांनीं व चालकांनीं आपल्या हातांनीं काय काय चढविलें त्याविषयीं बोलावयाचें आहे.

वाहन सजविण्याची हौस मोटारीबरोबर आलेली नाहीं. पोळ्याला बैलाचीं शिंगें रंगवून त्यांना बेगड लावणारा शेतकरी आणि दसऱ्याला बंपरवर झेंडूचें तोरण बांधणारा टॅक्सीवाला हे एकाच घराण्यांतले. परंतु बैलाचा साज सण सरतांच उतरतो. मोटारीचा वर्षानुवर्षें अंगावर राहिला. याचें कारण बाजारांत शोधावें लागतें. परक्या भागांची नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना सरकारी धोरणामुळें येथें राहणें कठीण झालें. जनरल मोटर्सनें १९२८ पासून चालविलेला शिवडीचा कारखाना १९५४ सालीं बंद केला. उरल्या मोजक्या गाड्या. कुर्ल्याच्या पहिल्या फियाट ११०० चीं पुढचीं दारें उलट्या बाजूनें उघडत. मुंबईकरांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलें. १९६४ सालीं मागच्या बाजूस लहानसे पंख असलेली ‘डिलाइट’ आली, आणि फियाटशीं असलेला करार संपल्यावर तीच गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. नांव चितोडच्या राणीचें, अंग मात्र तेंच! अमेरिकेंत कारखानाच दरसाल गाडीला नवा साज चढवी. येथें तें काम मालकाकडे आलें.

टॅक्सीच्या बाबतींत तर ही गोष्ट फारच मोलाची होती. काळापिवळा रंग नियमानें ठरलेला. भाड्याचें मीटर डाव्या अंगाला बाहेर बसविलेलें. गाडी पुष्कळदां दुसऱ्याच्या मालकीची, चालकाकडे पाळीपुरती आलेली. त्याचें म्हणून जें उरे तें कांहीं इंचांचें. तेवढ्या जागेंत त्यानें दिव्यांवर क्रोमच्या पापण्या बसविल्या, चाकांना चकचकीत टोप्या घातल्या, दारांखालून पट्टी ओढली, मागें चिखल अडविणारे रबरी पडदे सोडले, आणि रेडियमवाल्याकडून ब्लेडनें कापून घेतलेल्या अक्षरांत कांचेवर आईचें किंवा कुलदैवताचें नांव लिहिलें. यांतला कांहीं भाग भडक होता, हें मी नाकारीत नाहीं. पण एकसारख्या हजारों गाड्यांच्या रांगेंत आपली गाडी ओळखूं यावी, ही इच्छा मला मुळींच क्षुल्लक वाटत नाहीं.

या दागिन्यांना शाप होता तो समुद्राच्या हवेचा. क्रोमचा थर अतिशय पातळ. त्याच्या सूक्ष्म भेगांतून खारट ओल आंत शिरते, आणि मग खालचें लोखंड गंजूं लागतें. पट्टी बसवितांना पत्र्याला छिद्रें पाडीत, ती आणखी एक वाट. पट्टीमागें पावसाचें पाणी सांचून राही, आणि दोनचार पावसाळ्यांत सुंदर रेघेच्या खालून तांबूस ओघळ दिसूं लागत. कुशल कारागीर छिद्राच्या कडेला आधीं रंगाचा हात देत आणि पट्टीखालीं रबर घालीत. घाईचा माणूस तें करीत नसे.

कायद्यानें या हौसेकडे पुष्कळ दिवस कानाडोळा केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंतील फेरफारांना आळा घालतें; कांचांवरील काळ्या फिती सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बंद केल्या, आणि बंपरपुढील लोखंडी कठड्यांविरुद्ध केंद्राचा आदेश २०१७ च्या डिसेंबरांत निघाला. हे दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात, कारण तेथें दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता. गंमत अशी कीं १९७१ च्या युद्धांत दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करण्याचें काम लोकांनीं याच हातांनीं, सरकारच्याच सांगण्यावरून केलें.

अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली. वीस वर्षांची मर्यादा भरली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आतां हौशी मंडळी खासगी पद्मिनी शोधून दुरुस्त करितात, आणि ती ‘मूळ स्वरूपांत’ आणावयाची म्हणून पापण्या, पट्ट्या, अक्षरें सारें प्रथम काढून टाकितात. त्यांच्या श्रमांविषयीं मला आदर आहे. परंतु कुर्ल्याच्या दारांतून निघाली तशी ती गाडी मुंबईनें फार थोडे दिवस पाहिली. पुढचीं तीस-चाळीस वर्षें शहरानें पाहिली ती दुसरीच. पट्टी निघाल्यावर दारावर राहतात तीं चारसहा छिद्रें, आणि रंगारी तींही लांबी भरून, पॉलिशकागदानें घांसून गुळगुळीत करितो.