शेवटचं चार बोटांचं अंतर

माउस हलवला की हेडफोनमधून बारीक चिरचिर यायची. पान खाली सरकवलं की तिचा सूर बदलायचा. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर मी कित्येक वर्षं अशीच गाणी ऐकली. भरगच्च वाद्यमेळाच्या गाण्यात ती झाकली जायची. पण ख्याल सुरू होण्याआधी नुसता तानपुरा झंकारत असतो, तेव्हा ती नेमकी तारांच्या मध्ये येऊन बसायची. जवारीतून उठणारे स्वर कुठले आणि चिरचिर कुठली, हे ओळखायला कान धडपडायचा. मग एकदा डॅक नावाची करंगळीएवढी वस्तू आणली, यूएसबीच्या खाचेत खोचली, हेडफोनची पिन तिच्यात घातली आणि चिरचिर थांबली. गाणं तेच, फाइल तीच, हेडफोनही तेच. एवढ्याशा वस्तूने नेमकं काय केलं, हे कळायला तिच्या घराण्याचा माग काढावा लागतो. तो संगणकापाशी थांबत नाही, टेलिफोनच्या तारांपर्यंत मागे जातो.

ॲलेक रीव्ह्ज हा इंग्रज अभियंता पॅरिसमध्ये आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता. लांबच्या तारेत आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर लावावे लागतात. पण प्रत्येक ॲम्प्लिफायर बोलण्याबरोबर खरखरही वाढवतो. १९३७ साली रीव्ह्जला वेगळीच वाट सुचली. आवाज पाठवायचाच नाही, त्याची मोजमापं पाठवायची. लहर सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि मिळालेला आकडा ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा ठोक्यांत तारेवर सोडायचा. ठोका वाटेत कितीही मळला तरी तो आहे की नाही एवढंच ओळखायचं असतं. ओळखला की पुसून नवा कोरा करून पुढे धाडता येतो. १९३८ मध्ये त्याने याचं पेटंट मागितलं. व्हॉल्व्हच्या त्या काळात ही यंत्रणा फार अवजड आणि महाग होती. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ साली, अमेरिकेतल्या बेल कंपनीने टेलिफोनसाठी ती रोजच्या वापरात आणली.

म्हणजे ध्वनीला आकड्यांचं रूप मिळालं ते खरखरीपासून सुटका व्हावी म्हणून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आजच्या जाहिराती डॅकबद्दल सगळं सांगतात, एवढंच सांगत नाहीत. आकडे कानाला ऐकू येत नाहीत. शेवटी त्यांची पुन्हा विजेची लहर करावी लागते, आणि ते काम करणारा भाग म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. आकड्यांचं कवच त्याच्या दारापर्यंतच. दार ओलांडलं की पुन्हा जुनीच तार आणि जुनीच खरखर.

घराघरांत डॅक पोचला तो सीडीबरोबर. सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ रोजी बाजारात आला. सीडीवर एका सेकंदात ४४,१०० मोजमापं असतात, प्रत्येक १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवरचं. आणि हे डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळं. तरीही त्या पहिल्या सोनीत दोन्ही कानांना मिळून एकच डॅक होता, तो आळीपाळीने दोघांचं काम करायचा. फिलिप्सच्या सुरुवातीच्या प्लेअरमध्ये तर १४ बिटांची चिप होती. आकडे चौपट वेगाने चालवून फिलिप्सच्या अभियंत्यांनी तिच्याकडून १६ बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं.

त्याच दशकात बरेचसे संगणक मात्र नुसते ‘बीप’ करत होते, आणि इथे आपल्या डॅकचा मला सर्वांत आवडणारा पूर्वज येतो. अमेरिकेतल्या कोव्हॉक्स या कंपनीने ‘स्पीच थिंग’ नावाचा एक ठोकळा काढला. तो संगणकाच्या मागे, प्रिंटर जोडायच्या खाचेत बसायचा. त्या खाचेतून आठ तारांवर आठ बिट बाहेर येतात. ठोकळ्यात रेझिस्टरची शिडी होती. पहिल्या तारेचा वाटा निम्मा, दुसरीचा त्याच्या निम्मा, तिसरीचा आणखी निम्मा. सगळ्या वाट्यांची बेरीज झाली की २५६ पायऱ्यांपैकी एक पायरी तयार. आकड्याचा आवाज झाला. वेगळी वीज नाही, खोलायचं काही नाही. पुष्कळ हौशी मंडळींनी सुटे रेझिस्टर डागून ही शिडी घरीच बनवली. आज यूएसबीला लावतो त्या डोंगलचा सांगाडा इथे पुरा दिसतो: संगणक आकडे देतो, आवाज बाहेर होतो.

पण काळ उलट दिशेला गेला. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं आणि आवाजाचं कार्ड पेटीच्या आत शिरलं. १९९७ मध्ये इंटेलने एसी’९७ हा नमुना ठरवला आणि पुढे कार्डही गेलं. मदरबोर्डवरच्या एका स्वस्त चिपने ते काम घेतलं. त्या नमुन्यात ॲनालॉग भाग डिजिटल भागापासून वेगळा ठेवला होता, तो गोंगाटापासून दूर राहावा म्हणून. तरी पेटी तीच आणि वीजपुरवठाही तोच. प्रोसेसर क्षणाक्षणाला कमी-जास्त वीज ओढतो, ग्राफिक्स कार्ड ओढतं, पंखा फिरतो. त्याचे हिसके सामाईक ग्राउंडमधून हेडफोनच्या नाजूक लहरीत शिरतात. माझ्या माउसची चिरचिर ती हीच. रीव्ह्जने शेकडो मैलांच्या तारेवरून हाकललेली खरखर शेवटच्या चार बोटांच्या अंतरात परत आली होती.

यूएसबीने डॅकला पुन्हा बाहेर पडायची वाट दिली. आवाजाची उपकरणं यूएसबीवर कशी चालावीत याचे नियम १९९८ मध्ये ठरले. सुरुवातीच्या उपकरणांची अडचण लयीची होती. आकडा बरोबर असून भागत नाही, तो बरोबर क्षणी वाजावा लागतो. संगणक आकडे गठ्ठ्याने पाठवायचा आणि डॅक त्या गठ्ठ्यांच्या चालीवर आपलं घड्याळ जुळवत राहायचा; साथीदाराने लय धरावी आणि गायकाने तिच्यामागे फरफटावं तसं. अमेरिकेतल्या गॉर्डन रँकिन या अभियंत्याने असिंक्रोनस पद्धतीवर काम केलं. तिच्यात लय डॅककडे असते, आणि तो आपल्या घड्याळाप्रमाणे संगणकाकडून हवे तेवढे आकडे मागून घेतो. रँकिनचाच प्रोग्रॅम वापरून ऑडिओक्वेस्टने २०१२ मध्ये पेनड्राइव्हएवढा ‘ड्रॅगनफ्लाय’ आणला. ड्रॅगनफ्लाय म्हणजे आपला चतुर हा किडा. डॅकच्या अंगावर चतुराचं चित्र होतं आणि गाण्याच्या सॅम्पल रेटप्रमाणे, म्हणजे सेकंदाला किती मोजमापं त्याप्रमाणे, ते रंग बदलायचं. तेव्हा किंमत होती २४९ डॉलर.

त्याच सुमारास टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ‘ओटू’ या हेडफोन ॲम्प्लिफायरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला आणि मोजमापं मांडून दाखवलं, की चांगल्या आवाजासाठी फार पैसे लागत नाहीत. २०१२ नंतर त्याने लिहिणं थांबवलं. तो कोण, हे त्याने कधीच सांगितलं नाही. त्याचं म्हणणं मात्र पुढे खरं ठरलं, आणि तेही अनपेक्षित बाजूने. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन-७ मधलं हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि वायरीच्या एका तुकड्यात डॅक बसवून दिला. दोन वर्षांनी त्याचा यूएसबी-सी अवतार ९ डॉलरला आला. लोकांनी तो उपकरणांवर तपासला, तेव्हा कित्येक महागड्या डॅकच्या पंगतीत बसेल इतका तो स्वच्छ निघाला.

म्हणून माझं मत सरळ आहे. डॅक गाण्यात काही भरत नाही. कमी दर्जाच्या एमपीथ्रीत जे कापलं गेलं ते परत येत नाही, आणि डब्यावर ३८४ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट छापला म्हणून तानपुरा गोड होत नाही. आवाज पेटीच्या गोंगाटाबाहेर तयार करायचा आणि हेडफोनला पुरेशी ताकद द्यायची, एवढंच त्याचं काम, आणि ते स्वस्तात होतं. विकत घेण्याआधी मात्र एक करा. रात्री घर शांत झालं की संगणकाला हेडफोन थेट जोडा, ख्यालाच्या आधीचा नुसता तानपुरा लावा आणि माउस हलवून पाहा. मग कुणाचा तरी डोंगल मागून आणून तोच तुकडा पुन्हा ऐका. फरक कळला तर साधासा डॅक घ्या. नाही कळला तर ते पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करा.