बी.के. : एका पेशंटच्या आद्याक्षरांचा विषाणू

आज इतिहासाच्या भागात एका विषाणूची गोष्ट. याचं नाव आहे बी.के., आणि ही एका पेशंटच्या नावाची आद्याक्षरं आहेत बरं का.

साल १९७१, लंडन. मूळच्या सुदानच्या एका माणसाला नवीन किडनी बसवून काही महिने झाले होते. अचानक त्याची मूत्रवाहिनी अरुंद झाली. सिल्विया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची लघवी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली, तर त्यात विषाणूचे ढीगभर कण! विषाणू नवा निघाला आणि 'लॅन्सेट'मध्ये त्याची बातमी छापून आली.

पण मग हा आला कुठून? इथे कामी आली अँटिबॉडी टेस्ट. हा विषाणू माणसाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. रक्तात त्याच्या अँटिबॉडी असतील, तर गुठळ्या होत नाहीत. इंग्लंडमधल्या लोकांचं रक्त असं तपासलं आणि कळलं, की बहुतेकांना हा लहानपणीच होऊन गेलेला असतो! नंतर तो किडनीत गुपचूप पडून राहतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग तो जागा कधी होतो? १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी बसवली, तेव्हा शरीराने ती आपलीच मानली. बाकीच्यांचं शरीर मात्र परकी किडनी नाकारतं. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आल्या. पहारेकरी झोपला, की आत लपलेला चोर उठणारच ना?

१९९० च्या दशकात टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी जोरदार औषधं आली आणि हा विषाणू नवी किडनीच खराब करतोय, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. खरी पंचाईत पुढे होती. बायोप्सीत हे नुकसान किडनी नाकारल्यासारखंच दिसू शकतं. नाकारली असेल तर गोळ्या वाढवायच्या, विषाणू असेल तर कमी करायच्या. म्हणजे निदान चुकलं, तर किडनी हातची जायची!

इथे अँटिबॉडी टेस्ट एकटी पुरत नाही, कारण ती जवळपास सगळ्यांचीच पॉझिटिव्ह येते. म्हणून आता ठरावीक दिवसांनी पीसीआर करून रक्तात विषाणूचा डीएनए आहे का, ते बघतात.

मग अँटिबॉडी टेस्ट बाद झाली का? मुळीच नाही. सायटोमेगॅलो नावाच्या दुसऱ्या विषाणूसाठी ऑपरेशनआधी दाता आणि पेशंट दोघांचीही ती करतात. दाता पॉझिटिव्ह आणि पेशंट निगेटिव्ह, ही जोडी सगळ्यात धोक्याची. कारण किडनीबरोबर विषाणू येतो आणि शरीराला त्याची ओळखच नसते.

तर मंडळी, अँटिबॉडी एवढंच सांगते, की हा पाहुणा कधीतरी येऊन गेलाय. तो आत्ता घरात धिंगाणा घालतोय का, हे वेगळं तपासावं लागतं. आणि तुमच्या ओळखीत कुणाची किडनी बदललेली असेल, तर गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका, हे त्यांना नक्की सांगा.

भेटू पुढच्या भागात!