न जळलेल्या कोळशाचे पैसे

यंत्र बनवावे, विकावे आणि मोकळे व्हावे, हा कारखानदाराचा सरळ धंदा. पण अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एका पेढीने यंत्राऐवजी बचतच विकायला काढली. ही पेढी मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॅट यांची.

कॉर्नवॉल हा इंग्लंडचा नैऋत्य कोपरा. तिथे तांब्याच्या नि कथलाच्या खाणी पुष्कळ, पण कोळसा औषधालाही नाही. तो वेल्समधून गलबतांनी यायचा. खाण खोल गेली की पाणी वाढे, आणि ते उपसणारे न्यूकॉमेनचे यंत्र मोठे खादाड. दर ठोक्याला त्याचे सिलिंडर तापवायचे नि पुन्हा गार करायचे! वॅटने वाफ थंड करायला वेगळे पात्र जोडले, १७६९ मध्ये पेटंट घेतले, आणि १७७५ मध्ये पार्लमेंटने त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवली.

आता पेढीचा व्यवहार पाहा. नकाशे तिचे, झडपांसारखे नाजूक भाग तिचे, उभारणीवर देखरेख करणारा माणूस तिचा. सिलिंडर बहुधा जॉन विल्किन्सनच्या कारखान्यातून यायचे. बाकीचे सामान खाणवाल्याने जमवायचे. मोबदला काय, तर जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश, तोही दरसाल. तुळईवर कुलूपबंद पेटीत ठोके मोजणारे यंत्र बसवीत. १७७९ पासून विल्यम मर्डॉक कॉर्नवॉलमध्ये यंत्रे उभारीत नि दुरुस्त करीत हिंडत असे. यंत्र थांबले की ठोके थांबले, म्हणजे पेढीची प्राप्तीही थांबली. तेव्हा दुरुस्तीत चालढकल करणे तिला परवडणारे नव्हते.

खाणवाल्यांची तक्रार मात्र अगदीच खोटी म्हणता येत नाही. जुने यंत्र मोडीत गेलेले, मग बचत ताडून पाहायची कशाशी? त्यातून तांब्याचे भाव उतरले, तेव्हा न जळलेल्या कोळशाचे पैसे मोजणे त्यांच्या जिवावर आले. काही ठिकाणी ठरीव रकमेची तोड निघाली, कित्येकांनी पैसे थकवले. एडवर्ड बुल आणि हॉर्नब्लोअर यांनी आपली वेगळी यंत्रे बसवली, तर पेढीने त्यांना कोर्टात खेचले. १७९९ मध्ये पेढी जिंकली. पण तोवर इतरांच्या सुधारणा अडून राहिल्या होत्या. माझ्या मते हा दोष मोबदल्याच्या रीतीचा नव्हे, मक्तेदारीचा.

कारण पुढे काय झाले? १८०० मध्ये पेटंट संपले आणि पेढीने कॉर्नवॉलमधून अंग काढून घेतले. हप्ता वाचला खरा, पण यंत्रांची निगाही गेली, आणि कोळसा पुन्हा जास्त लागू लागला. अखेर १८११ मध्ये जोएल लीन याने दरमहा पत्रक सुरू केले. कोणत्या खाणीच्या यंत्राने किती कोळशात किती पाणी उपसले आणि तिथला इंजिनिअर कोण, हे त्यात नावानिशी छापून येई. नाव खाली राहणे कोणाला आवडेल? तीस-एक वर्षांत त्याच खाणींतून तेवढ्याच कोळशावर सरासरी तिपटीहून अधिक पाणी उपसले जाऊ लागले.