तेलाच्या वाटीपासून मसाज गनपर्यंत

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर तेलाची वाटी कोमट होते आणि लहानथोर मंडळी पाटावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतात. हा विधी आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यामागे किती जुनी विद्या उभी आहे हे ध्यानातच येत नाही. यंदा ते ध्यानात येण्यास एक निमित्त घडले. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथून माझ्या धाकट्या भावाने विचारले, "दादा, दिवाळीला आईसाठी एक छोटी मसाज गन घ्यावी म्हणतो. पोटऱ्या फार दुखतात तिच्या. कोणती घेऊ?" प्रश्न होता एका यंत्राचा, पण उत्तर शोधू जाता मी थेट चरकापर्यंत जाऊन पोहोचलो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाला तीन दृष्टान्त दिले आहेत: तेल मुरलेले मडके, तेल चोळलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस. तिन्ही वस्तू घरातल्या आणि शेतातल्या. शास्त्रकाराने दाखले शोधायला दूर जाण्याची तसदी घेतली नाही. स्पर्शाचे ठिकाण त्वचा आणि स्पर्शात वायू प्रधान, म्हणून त्वचेला तेल चोळावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांमध्ये तैलमर्दनालाही स्थान दिले. पण ही विद्या केवळ राजवाड्यात राहिली नाही. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हातात ती होती, तशीच तालमीतल्या वस्तादाच्या हातातही होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. तिथे उतरणाऱ्या मल्लाला जोरबैठकांइतकीच मालिशही ठाऊक असे.

आपली ही चंपी सातासमुद्रापलीकडेही गेली. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि मर्दन यांचे स्नानगृह थाटले आणि 1822 साली त्या विषयावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. आज आपण ज्याने केस धुतो त्या शांपूचे नाव याच चांपण्यातून आले आहे, ही मोठी मौजेची गोष्ट होय!

मग यंत्रयुग आले. स्वीडनमधील गुस्ताफ झांडर या वैद्याने 1865 साली स्टॉकहोम येथे व्यायाम आणि मर्दन घडवणाऱ्या यंत्रांची संस्था काढली. 1880 च्या दशकात जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या इंग्रज डॉक्टरने विजेच्या घटावर चालणारी, टकटक ठोके देणारी हातोडी तयार केली. आजच्या मसाज गनची आजी ती हीच म्हणायची. अमेरिकेतील जेसन वेर्सलँड यांना 2007 साली मोटारसायकलचा अपघात झाला. स्वतःच्या दुखण्यावर उतारा म्हणून त्यांनी हत्यारांच्या पेटीतल्या यंत्रावरून ठोके देणारे साधन जुळवले आणि त्यातून 2016 साली थेरागन बाजारात आली.

येथवर इतिहास सरळ पुढे जातो. परंतु आमच्या वर्ध्याच्या मातीत त्याला निराळेच वळण मिळाले. सेवाग्रामला गांधीजी मालिश करून घेत, हे पुष्कळांना माहीत असते. पण तेथेच त्यांनी दुसऱ्याच्या अंगाला हात लावला, ते अधिक मोलाचे. येरवड्याच्या तुरुंगात ओळख झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने पीडित होऊन 1939 साली आश्रमात आले. लोक ज्याच्या सावलीलाही भीत, त्याच्या अंगाला गांधीजींनी स्वतः मालिश केली. जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी 1936 पासून कुष्ठरोग्यांची सेवा आरंभलेली होतीच.

कुष्ठरोगाचा हा उल्लेख भावाच्या प्रश्नाशी अगदी जवळून जोडलेला आहे. या रोगात कातडी बधिर होते. चटका बसला, ठेच लागली, तरी कळत नाही आणि न कळलेली जखम चिघळत जाते. मधुमेहातही पायांची तीच गत होऊ शकते. आमच्या आईला मधुमेह आहे, तळवे सुन्न पडतात. दुखले की "पुरे" म्हणणारा पहारेकरीच जिथे झोपला आहे, तिथे मिनिटाला दोन-तीन हजार ठोके देणारे यंत्र कसे सोपवावे? चोळणाऱ्या हाताला निदान सूज, ऊब, फोड जाणवतात. यंत्राला ते काही समजत नाही.

म्हणून भावाला मी आधी लिहिले: आईला प्रथम डॉक्टरांना दाखव. पोटरी दुखते ती स्नायूने, की रक्ताच्या गाठीने, की नसांनी, हे ठरल्यावाचून यंत्र लावू नये. एकच पोटरी सुजलेली, लाल वा गरम असेल तर मर्दन मुळीच नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, शिरा फुगल्या असतील, हाडे ठिसूळ असतील, तरीही विचारूनच.

आता भावाच्या स्वतःच्या दुखऱ्या मांड्यांसाठी त्याने यंत्र घ्यावे. त्याला माझी हरकत नाही. छोट्या यंत्राचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास हवे, नाहीतर हातच दुखू लागतो. डोके किती मिलिमीटर पुढेमागे जाते ते पाहावे. मोठ्यांत बारा ते सोळा, छोट्यांत सहा ते दहा असते, आणि घरगुती वापराला तेवढे पुरते. दाबल्यावर मोटार अडते का, आवाज किती, हे दुकानातच अजमावावे. डोके मऊ घ्यावे, सर्वांत मंद वेगाने सुरुवात करावी, एका स्नायूवर मिनिट-दोन मिनिटे पुरेत. हाड, मणका आणि गळ्याची पुढची बाजू वर्ज्य. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच मिनिटांच्या वापराने पोटरीची लवचिकता वाढली, ताकद मात्र तेवढीच राहिली. एवढाच लाभ धरावा, चमत्काराची आशा करू नये.

आईसाठी काय, असे त्याने पुन्हा विचारलेच. मी लिहिले, डॉक्टरांनी होकार दिला तर तिळाचे तेल आण, हलक्या हाताने चोळ, आणि चोळताना तळव्यांवर कुठे चीर किंवा फोड तर नाही ना, ते उजेडात नीट बघ. हे काम रोजचे आहे, आणि ते करायला दुकानात मिळणारे कोणतेही यंत्र अजून शिकलेले नाही.