छातीत शिरणारी हवा

फुफ्फुसातल्या गाठीची सुईने बायोप्सी करताना डॉक्टर ज्याची सर्वांत जास्त काळजी घेतात, ते म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा शिरणे. एके काळी हाच उपचार होता. क्षयाचे फुफ्फुस हवेने दाबून मिटवावे, त्याला विसावा मिळेल, ही कल्पना इटलीच्या फोर्लानिनीने १८८२ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी जर्मनीत लायडेनने न्यूमोनियाचे जंतू शोधायला फुफ्फुसात सुई घातली. म्हणजे सुई जुनीच. आत कुठे जाते हे मात्र दिसत नव्हते. क्ष-किरण १८९५ चे, सीटी स्कॅनवर पाहत बायोप्सी १९७० च्या दशकातली. पुढे सुई बारीक झाली हे खरे, पण माझ्या मते तपासणी सुरक्षित झाली ती वाट आधी आखता येऊ लागल्याने आणि हवा शिरलीच तर ती काढण्याची तयारी असल्याने. ती वाट बारकाईने आखावी लागते. सुई बरगडीच्या वरच्या कडेला धरून जाते, कारण खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते. फुफ्फुसाच्या दोन खंडांमधली फट टाळायची आणि रुग्णाने प्रत्येक वेळी श्वास सारखाच रोखायचा, नाहीतर गाठ जागची हलते. एवढे करूनही शंभरात वीस-पंचवीस जणांना थोडीफार हवा शिरते. नळी घालावी लागते ती पाच-सहा जणांनाच.

ही तपासणी बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात केव्हा करावी? इथे क्षयरुग्णांसाठी वेगळे सरकारी रुग्णालय आहे, आणि एक्स-रेवर डाग दिसला की आधी क्षयच आठवावा अशीच या भागाची स्थिती. मग आधी क्षयाची औषधे देऊन पाहावे, सुई कशाला, असे कुणी म्हणेल. थुंकीत जंतू सापडले तर ते रास्तच आहे. पण जंतू नाहीत, वय पन्नाशीपुढे, वर्षानुवर्षांची विडी, अशा माणसाला अंदाजाने औषधे देत राहिले तर कर्करोग वाढायला महिने मिळतात. सुई लावली की गाठ पसरते, ही भीती तर घराघरांत आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण फारच विरळ. निदानाअभावी होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे. जिल्ह्यात २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे ही तपासणी रुजायची तर सीटी यंत्राइतकाच रात्री एक्स-रे काढणारा आणि छातीत नळी घालता येणारा डॉक्टर हजर हवा. तोवर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणे बरे.