वायू व ऊर्जा विनिमय, वनस्पती व प्राण्यांतील (मैंदर्गी परिसर)

सजीवांची हवेशी चालणारी वायूंची आणि आपसांत अन्नावाटे चालणारी ऊर्जेची देवघेव. मैंदर्गी (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर) हे कर्नाटक सीमेजवळचे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. येथे हवेतला वायू मिळवण्याची किंमत पिकाला पाण्यात मोजावी लागते, आणि रब्बी ज्वारीत हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो.

हवेत कार्बन डाय-ऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. तो घेण्यासाठी पानाची रंध्रे उघडली, की आतली वाफ निसटते. तूर, हरभरा, करडई या पिकांत या वायूचा एक रेणू मिळवताना पाण्याचे साधारण ५०० रेणू उडून जातात. ज्वारीत सुमारे निम्मे. ऊस, मका, बाजरी यांच्याप्रमाणे ज्वारी ही सी-४ वनस्पती आहे. तिच्या पानाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचे कडे दिसते. बाहेरच्या पेशी वायू चार कार्बनी आम्लात बांधून या कड्यात पोचवतात. तेथे तो पुन्हा मोकळा होऊन दाटतो आणि त्यापासून साखर बनते. त्यामुळे रंध्रे थोडी उघडूनही भागते. पावसाळ्याअखेर पेरलेली मालदांडी ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर पोसते, त्याचे पुष्कळसे श्रेय या रचनेला द्यायला हवे. ओल तुटली की पानांची सुरळी होते. पाणी वाचते, पण साखरही कमी बनते. निवडुंग आणि घायपात रात्रीच रंध्रे उघडून वायू साठवतात आणि दिवसा मिटलेल्या पानाखोडात तो वापरतात.

वनस्पती श्वसनही करतात, तेही रात्रंदिवस. ही गोष्ट शाळेत अधिक ठसवून सांगायला हवी. चिकण रानात पाणी तुंबून पीक पिवळे पडते, त्याचे एक मोठे कारण म्हणजे मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. रात्री झाडाखाली झोपल्याने माणूस गुदमरतो, हा समज मात्र निराधार आहे. उघड्या हवेत झाडाच्या श्वसनाने तसा फरक पडत नाही. झाडातून ऑक्सिजन सुटायला ऊन लागते, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवले.

शिवारावर पडणाऱ्या उन्हातली एखाद-दोन टक्के ऊर्जाच पिकाच्या अंगी लागते. हुरडा, भाकरी आणि कडबा ही तिचीच रूपे. भाकरीतल्या पिष्टाची साखर होऊन ती पेशींत ऑक्सिजनशी संयोग पावते. म्हणून आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के असलेला ऑक्सिजन उच्छ्वासात १६ टक्क्यांच्या आसपास उतरतो. यात सुटलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो आणि तो कोणत्याही पिकाला परत मिळत नाही. कडब्यातले सेल्युलोज बैलाला स्वतः पचवता येत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते ऑक्सिजनविना आंबवतात. त्यातून निघालेली आम्ले बैलाला ताकद देतात, तर मिथेन ढेकरांवाटे बाहेर पडतो आणि खाल्लेल्या ऊर्जेचा काही वाटा घेऊन जातो. हवेत साधारण दहा-बारा वर्षांनी त्याचाही कार्बन डाय-ऑक्साइड होतो.