राखणे आणि तोडणे : बॉक्स हिलवरील पहिले श्रमपथक

निसर्गरक्षण म्हटले की कुंपण घालणे आणि कुऱ्हाडीस बंदी करणे, एवढेच सामान्यतः डोळ्यांसमोर येते. परंतु इंग्लंडमधील स्वयंसेवकांच्या एका प्रमुख निसर्गरक्षण-चळवळीचा प्रारंभ झुडपे तोडण्यापासून झाला. वरवर विपरीत दिसणाऱ्या या घटनेची कारणपरंपरा येथे थोडक्यात पाहावयाची आहे.

लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यात, मोल नदीच्या काठी बॉक्स हिल ही खडूच्या खडकाची टेकडी आहे. 1914 मध्ये ती नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाली. तिच्या उतारांवरील माती पातळ व निकस आहे. त्यामुळे तेथे एखादेच दांडगे गवत माजत नाही. अनेक बुटक्या वनस्पती, रानटी ऑर्किडे आणि निळी फुलपाखरे तेथे एकत्र नांदतात. तथापि अशी कुरणे केवळ मातीने घडविलेली नव्हेत. शतकानुशतके मेंढ्यांनी व सशांनी चरून ती खुरटी राखली होती. कालांतराने मेंढ्या कमी झाल्या. पुढे 1953 मध्ये मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि थोड्याच वर्षांत देशातील बहुतेक ससे मेले. पिके वाचली म्हणून शेतकऱ्यांस हायसे वाटले. परंतु चरणारी तोंडे नाहीशी होताच खडूच्या उतारांवर डॉगवुडसारखी झुडपे पसरली आणि त्यांच्या सावलीत लहान वनस्पतींचा टिकाव लागेना.

राष्ट्रीय उद्यानांविषयीच्या 1949 च्या कायद्याने राखीव क्षेत्रांस संरक्षण दिले होते. परंतु झुडूप कायद्याने हटत नाही, त्यास हात लागतात. 1958 मध्ये स्थापन झालेल्या कौन्सिल फॉर नेचर या संस्थेने पुढील वर्षी ‘कॉन्झर्व्हेशन कोर’ हे स्वयंसेवकांचे पथक उभारले. ब्रिगेडियर आर्मस्ट्राँग यांच्या नेतृत्वाखाली 42 स्वयंसेवक बॉक्स हिलवर डॉगवुड तोडावयास गेले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ख्याती पावलेले डेव्हिड बेलामी त्यांत होते. या पथकातूनच 1970 मध्ये ब्रिटिश ट्रस्ट फॉर कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटियर्स ही स्वतंत्र संस्था आकारास आली.

डॉगवुड तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणजे हे काम एका खेपेत संपणारे नव्हते. सुटीच्या दोन दिवसांत तरुणांनी जे केले, ते मेंढ्या व ससे एरवी रोज करीत आले होते. स्वयंसेवकांचे श्रम हे लोप पावलेल्या चराईची जागा भरून काढणारे श्रम होते, हाच या घटनेचा खरा अर्थ होय.

हा अर्थ ध्यानी न घेतल्यास काय घडते, ते भारतात भरतपूर येथे दिसून आले. 1982 मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यानात चराई बंद करण्यात आली. त्या वेळच्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबाराने ग्रामस्थांचे प्राण गेले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या क्षेत्राचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा म्हशींच्या अभावी गवत माजून पाणथळीची, पर्यायाने पाणपक्ष्यांचीही, हानी होत असल्याचे आढळले. बॉक्स हिलवर चरणारे निघून गेले होते म्हणून तरुणांना जावे लागले. भरतपुरात चरणारे दाराशी उभे असता त्यांनाच बाहेर काढण्यात आले. एखादे रान राखावयास घेण्यापूर्वी ते आजवर कोणी राखले, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावयास हवा.